पुढचं वाक्य

बसा, सांगते. फक्त जरा दम खाऊ द्या. हल्ली एक जिना चढला की धाप लागते. डॉक्टर म्हणतात काही नाही, मीही म्हणते काही नाही, आणि आम्ही दोघं एकमेकांचं समाधान करून मोकळे होतो. आणखी एक, मध्येच अडखळले तर माझं वाक्य तुम्ही पुरं करू नका. लहानपणापासून लोक माझी वाक्यं पुरी करत आलेत, आणि बहुतेक वेळा चुकीची.

माझं काम जुनी मशीनं सांभाळायचं. युनिक्सची, ज्यांना आता कुणी हात लावायला तयार नसतं अशी. काळा स्क्रीन, त्यावर लुकलुकणारी एक खूण, आणि आपण कमांड टाइप करायची. लोकांना हे रुक्ष वाटतं. मला पहिल्या दिवसापासून आवडलं, कारण तिथे तोंड उघडावं लागत नाही. ‘क’ला माझी गाडी अडते, ‘प’ला तर रुतूनच बसते. शाळेत धडा वाचायची माझी पाळी आली की सगळा वर्ग आधीच हसायच्या तयारीत असायचा. मशीन हसत नाही. तुम्ही टाइप करेपर्यंत ते गप उभं राहतं.

त्या दिवशीचं कामही साधंच होतं. अंधांसाठी बोलत्या पुस्तकांचं एक वाचनालय होतं, एका इमारतीच्या तळघरात. ती जागा त्यांना सोडायची होती. सामान बहुतेक हललं होतं, राहिलं होतं ते मशीन. त्याची हार्ड डिस्क म्हातारी झाली होती, आणि तिच्यावर सगळी पुस्तकं होती. ती नव्या डिस्कवर उतरवून द्यायची. संध्याकाळी दिवे लागायच्या आत वायरमन येऊन तळघराची वीज तोडणार होता, तेवढ्यात उरकायचं. मला वाटलं, दोन तासांचं काम आहे, दुपारी जेवून गेलं तरी चालेल.

वाचनालय ताई चालवायच्या. सगळेच त्यांना ताई म्हणत. साठी उलटलेल्या, अंगाने बारीक, आणि दहाव्या वर्षापासून दृष्टी गेलेली. जिन्यावर माझी पावलं ऐकून त्यांनी ओळखलं की खांद्याला जड पिशवी आहे, आणि ती कुठे ठेवायची ते बोटाने दाखवलं. मी नमस्कार म्हणायला गेले आणि ‘म’वरच अडकले. एरवी समोरचा माणूस अशा वेळी घाईने मान हलवतो. ताई नुसत्या थांबल्या. अगदी आरामात, चहा उकळायची वाट बघावी तशा. शेवटी मी नमस्कार पुरा केला, तेव्हा म्हणाल्या, “ये. दादालाही ‘म’ त्रास द्यायचा.”

दादा म्हणजे त्यांचे मोठे भाऊ. ताईंची दृष्टी गेली तेव्हापासून ते त्यांना वाचून दाखवायचे. आधी शाळेची पुस्तकं, मग गोष्टी, मग हाताला लागेल ते. पुढे इतरांसाठीही वाचायला लागले आणि त्यातून हे वाचनालय झालं. गंमत अशी, की दादा स्वतः अडखळत बोलायचे. माझ्यासारखेच. सलग पान वाचणं त्यांना जमायचं नाही, म्हणून त्यांनी स्वतःची रीत काढली होती. एका वेळी एकच वाक्य. बटण दाबायचं, वाक्य वाचायचं, बटण सोडायचं. त्याची एक फाइल. अडखळलं तर तेच वाक्य पुन्हा, त्याची आणखी एक फाइल. नीट जमलं की स्वतःशीच म्हणायचे, “बरं. पुढचं.” असं आयुष्यभर. मी विचारलं, फसलेली वाक्यं पुसत नव्हते का. ताई हसल्या. नाही पुसली, म्हणाल्या, आणि मला तीच जास्त आवडतात, त्यात तो घरचा वाटतो.

दादा काही महिन्यांपूर्वी गेले. एका खलाशाचं पुस्तक वाचत होते, त्याचं शेवटचं प्रकरण राहिलं. शेवटचे काही दिवस ते रोज खाली येऊन बसायचे आणि वर जाताना म्हणायचे, मशीन अडलंय गं, वाक्य घेतच नाही, सुटलं की शेवट करतो. मशीन काही सुटलं नाही. ताईंना कितीतरी जणांनी सांगितलं की उरलेली पानं आम्ही वाचून देतो, पण त्यांनी कुणाकडून ती ऐकली नाहीत. तो खलाशी घरी पोचला की नाही हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं. “मला दादाकडूनच ऐकायचंय,” त्या म्हणाल्या, “आणि ते आता होणार नाही, हेही कळतं. पण म्हणून दुसऱ्या कुणाचं ऐकावंसं वाटत नाही.” असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या आणि विणकाम हातात घेतलं.

तळघर लांबट होतं. मोकळी कपाटं, दोरीने बांधलेली खोकी, छताला एक ट्यूबलाइट. खिडकी नाही, त्यामुळे बाहेर टळटळीत दुपार असली तरी आत कुठलीच वेळ नव्हती. पार टोकाला रेकॉर्डिंगची छोटी खोली होती, भिंतींना जाड गाद्या लावलेली. तिच्या दाराला काचेची चौकट होती आणि दारावर लाल बल्ब. बल्ब लागला की वाचन चालू आहे, कुणी आवाज करायचा नाही. पण आता त्याला काही अर्थ नव्हता. आतला माईक, बटणाची पेटी आणि वायर सकाळीच काढून खोक्यात भरली होती, आणि ते खोकं माझ्या पायाशी होतं. बल्बला वीज त्या पेटीतूनच मिळायची.

मशीन चालू केलं आणि आधी केरवारा केला. तात्पुरत्या, निरुपयोगी फाइली साचलेल्या असतात, त्या मी सवयीने काढून टाकते. मग पुस्तकांचा फोल्डर उघडून यादी मागितली. मशीन जे गप झालं ते गपच. कारण सगळी पुस्तकं, सगळी प्रकरणं, सगळी वाक्यं दादांनी एकाच फोल्डरात ठेवली होती. लाखो फाइली. यादी मागितली की मशीन आधी सगळी नावं गोळा करतं, मग ती क्रमाने लावत बसतं, आणि मगच दाखवतं. ते क्रम लावण्यातच बुडालं होतं. मी कमांड थांबवली. मग म्हटलं, बघायचंय कशाला, सरळ नक्कल करू. इथलं सगळं तिथे ने, असा हुकूम दिला. मशीनने तोंडावर दार लावलं. यादी फार लांब आहे, म्हणालं.

ह्याला मशीनचाही इलाज नसतो. ‘सगळं’ म्हटलं की त्याला प्रत्येक नाव एका दमात उच्चारून पुढच्या कमांडच्या हाती द्यावं लागतं, आणि एका दमात किती उच्चारता येईल ह्याला मर्यादा असते. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उपाय सोपा आहे. एकाने फाइली हुडकायच्या आणि जसजशी नावं सापडतील तसतशी दुसऱ्याकडे सोडायची, दुसऱ्याने त्यांचे मावतील एवढे घास करायचे, आणि घासाघासाने पुढे द्यायचं. मी ताईंना हे सांगितलं तेव्हा विणता विणता त्या म्हणाल्या, दादाचीच रीत की गं ही.

पण माझ्याकडून घाईत एक चूक झाली. दादांनी प्रत्येक फाइलला नाव देताना पुस्तक, प्रकरण, क्रमांक आणि पुढे वाक्याचे पहिले काही शब्द घातले होते, मध्ये मोकळ्या जागा सोडून. मशीन मोकळी जागा दिसली की नाव संपलं असं समजतं. ह्या मोकळ्या जागा नावातल्याच आहेत हे सांगायला मी विसरले, आणि त्याने प्रत्येक नावाचे तुकडे केले. मग एकेक तुकडा घेऊन ओरडायला लागलं की अशी फाइल नाही. स्क्रीनवर नुसते सुटे शब्द वर सरकायला लागले. ‘तेव्हा’ नाही. ‘आई’ नाही. ‘अंधार’ नाही. ‘कोण’ नाही. ‘आत’ नाही. ‘थांबा’ नाही. नुसत्या सुट्या शब्दांना घाबरायचं काय, पण मी बघत राहिले. जन्मभर एक माणूस वाक्यं जोडत बसला आणि मी ती मोडून त्याच्यापुढे फेकत होते, असं काहीतरी वाटलं. कपाळावर हात मारून घेतला आणि कमांड सुधारली. नावांच्या मध्ये अशी खूण ठेवायची की जी कुठल्याच नावात येऊ शकत नाही. मग सगळं सुरळीत सुरू झालं आणि डिस्क कुरकुरत कामाला लागली.

त्याच सुमाराला वास आला. गोडसर, औषधासारखा. ताईंचं विणकाम थांबलं.

“ज्येष्ठमध,” त्या म्हणाल्या. “तू खातेस?”

मी नाही म्हटलं. दादा वाचताना गालात ज्येष्ठमधाची काडी धरायचे, घसा सुकू नये म्हणून. खोक्यातून येत असेल, असं ताईच म्हणाल्या, आणि पुन्हा विणायला लागल्या. पण सुया मघासारख्या वाजत नव्हत्या.

नक्कल पुरी झाली. आता ताळा. जुन्या डिस्कवर किती फाइली, नव्या डिस्कवर किती. जुनीवर थोड्या जास्त भरल्या. होतं असं कधी कधी, एखादा घास गळतो. गळालेल्या तेवढ्या उतरवल्या आणि पुन्हा मोजलं. पुन्हा जुनीवर जास्त. मघाच्या नव्हे, वेगळ्या. मी तिसऱ्यांदा केलं. जितका वेळ मला उतरवायला लागायचा, तितक्यात तिथे आणखी काही येऊन बसलेल्या असायच्या.

हे घास गळणं नव्हतं. मशीनला विचारता येतं, की अमुक वेळेनंतर आलेल्या फाइली तेवढ्या दाखव. मी माझा केरवारा झाल्याची वेळ दिली. लाखोंच्या त्या ढिगातून थोडीशी नावं वर आली. सगळी एकाच पुस्तकाची. सगळी शेवटच्या प्रकरणाची. मी बघत असतानाच खाली आणखी एक नाव उमटलं, आणि जरा वेळाने त्याखाली तेच नाव, पुढे ‘पुन्हा’ लावून.

मान वळवायची नव्हती, तरी वळवली. टोकाच्या खोलीवरचा लाल बल्ब लागलेला होता.

पायाशी खोकं तसंच होतं, दोरीने बांधलेलं. मी पायाने ढकलून बघितलं. पेटी आत खुडखुडली. वर बघितलं तर बल्ब विझला, मग पुन्हा लागला. एका वाक्याला लागेल तेवढा वेळ लागून राहिला आणि पुन्हा विझला.

ताईंना दिसत नव्हतं. त्यांना सांगावं की नाही, हे मला ठरवता येईना. हेडफोन काढले, पहिली फाइल लावली, आणि न बोलता त्यांच्या हातात दिले. हे मी घाबरून केलं की त्यांच्यासाठी केलं, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी ते कानांना लावले. मग खूप हळू म्हणाल्या, “हे प्रकरण... त्याने वाचलं नव्हतं.”

“ना... नाही,” मी म्हटलं.

“आवाज त्याचाच आहे.” पुन्हा ऐकलं. “पण श्वास घेत नाहीये तो. प्रत्येक वाक्याआधी घ्यायचा. मोठ्याने. मी लहानपणी चिडवायचे त्याला.”

मी हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली. म्हाताऱ्या माणसाचा मऊ आवाज. खलाशी बंदरात उतरलाय, गल्ली ओळखतोय. शब्दामागून शब्द स्वच्छ येत होते आणि मध्ये काहीच नव्हतं. आपल्याला कळत नाही, पण माणसाच्या बोलण्यात श्वास सतत ऐकू येत असतो. तो नसला की कसं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पळावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ताईंनी माझं मनगट धरलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. उजेडाची होती तेवढी सगळी दहा वर्षं त्या चेहऱ्यावर परत आली होती.

“वाचतोय तो,” त्या म्हणाल्या. “वाचू दे.”

आम्ही वाट बघत बसलो. नावं येत होती. मग यायची थांबली. बल्ब मात्र लागून राहिला. मघासारखा विझेना, नुसता लागलेला. काचेच्या चौकटीपलीकडे काळोख होता. त्या खोलीच्या दिशेने काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तरी मला तिथली धडपड कळत होती. ‘प’वर अडकल्यावर छातीत जे होतं, ते मला ओळखता येतं. वाक्य तयार असतं, पुढे दार बंद असतं.

मशीनला विचारलं. डिस्कवर जागा भरपूर होती. पण जागा असून भागत नाही. प्रत्येक फाइलला डिस्कवर एक घर लागतं, आणि ही घरं आधीपासून मोजून बांधलेली असतात. फाइली बारीक बारीक आणि लाखो असल्या की जागा उरते आणि घरं संपतात. दादांचं मशीन अडलं होतं ते ह्यामुळे. आणि मी दुपारी केरवारा करून काही घरं रिकामी केली होती, तेवढ्यात ते वाचायला बसले होते. ती घरंही आता भरली.

म्हणजे त्यांना शेवट करायचा असेल तर काहीतरी पुसायला हवं होतं. आणि त्या डिस्कवर त्यांच्या आवाजाखेरीज काही नव्हतं.

मी ताईंकडे वळले. “ताई, जुनी प... प...”

त्या थांबल्या. वीज तुटायची वेळ होत आली होती, खोलीत त्यांचा गेलेला भाऊ अडकून पडला होता, आणि तरी त्या माझ्यासाठी थांबल्या. माझ्यासाठी असं कुणी थांबलं नव्हतं.

“जुनी पुस्तकं पुसू का? नव्या डिस्कवर आहेत ती.”

“सगळी आहेत? अडखळलेलीसुद्धा?”

“सगळी.”

“पूस मग,” त्या म्हणाल्या, आणि तोंडावर हात ठेवला.

कमांड एकेक अक्षर बघत लिहिली. पुसण्याच्या कमांडमध्ये मघाची चूक झाली असती तर तुकड्यांच्या नावाने काय काय गेलं असतं कुणास ठाऊक. खूण नीट दिली की नाही ते तीनदा वाचलं. शेवटचं प्रकरण वगळलं. आधी नुसती नावं दाखव म्हटलं, ती बघितली, आणि मग पुसायला लावलं, घासाघासाने. पहिला घास गेला आणि लाल बल्ब विझला. मग बल्ब लागला. स्क्रीनवर नवं नाव उमटलं, त्याखाली आणखी एक, आणि जीव भांड्यात पडला.

वायरमन आला तेव्हा निम्मं प्रकरण बाकी होतं. धिप्पाड माणूस, हातात पक्कड, दिवसभराचा कंटाळलेला. त्याला थांबवायला हवं होतं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी नुसती उभी राहून हात हलवत होते. त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला.

“आत रेकॉर्डिंग चाललंय होय,” तो कुजबुजला. “मग थांबतो की. मला काय घाई आहे.”

चपला काढून हातात घेतल्या आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. दुसऱ्याच्या कामाचा मान राखणारी माणसं असतात, त्यातला. एकदा खोकला आला तर शर्टात तोंड खुपसून खोकला. आत कोण आहे ते त्याने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

प्रत्येक नाव आलं की मी ती फाइल लगेच नव्या डिस्कवर घेत होते, आणि ताई ऐकत होत्या. मग एक नाव आलं, त्याचं ‘पुन्हा’ आलं, त्या ‘पुन्हा’चंही ‘पुन्हा’ आलं. किती वेळा ते मोजलं नाही. शेवटी ते जमलं असावं, कारण बल्ब विझला आणि परत लागला नाही. ज्येष्ठमधाचा वासही हळूहळू गेला.

ताईंनी शेवटची फाइल ऐकली. खलाशी घराबाहेर उभा आहे, आत माणसं बोलताहेत, आपण इतक्या वर्षांनी कसं जायचं ह्या विचाराने तो बराच वेळ तसाच थांबलाय. आणि शेवटचं वाक्य एवढंच, की मग मी दार वाजवलं. ताईंनी हेडफोन काढले. हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

“एवढंच होय रे,” त्या टोकाच्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या. “एवढ्यासाठी ताटकळत ठेवलंस मला.”

वायरमनने वीज तोडली. आम्ही टॉर्चच्या उजेडात वर आलो. बाहेर अजून ऊन होतं, लोक भाजी घेऊन घरी चालले होते.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण नव्या जागेत नवं मशीन लावायला मीच गेले. रेकॉर्डिंगची खोली अजून तयार नव्हती. बांधलेलं ते खोकं कोपऱ्यात तसंच पडलं होतं, आणि त्यावर दादांनी पुढे वाचायला म्हणून काढून ठेवलेलं एक नवं पुस्तक. ताई म्हणाल्या, आता हे कोण वाचणार. आणि माझ्या दिशेने तोंड करून थांबल्या, त्यांच्या त्या नेहमीच्या थांबण्याने. मी नाही म्हटलं. मला जमणार नाही, ताई, म्हटलं, माझं तुम्हाला माहीत आहे. त्यांनी आग्रह केला नाही. मी आपली नेहमीसारखा ताळा घ्यायला बसले.

नव्या डिस्कवर एक फाइल जास्त होती.

नाव त्या नव्या पुस्तकाचं होतं. पहिलं प्रकरण, पहिलं वाक्य. लावून बघितली. आवाज माझा होता. वाक्याची सुरुवातच ‘प’ने होती, आणि मी ते सरळ, स्वच्छ, एकदाही न अडखळता वाचलं होतं. मी ते कधीच वाचलं नव्हतं. त्या पुस्तकाला मी तोपर्यंत हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुसरं वाक्य होतं. आता पुस्तक अर्ध्यावर आलंय. जिन्यावरची माझी धापही ह्याच दिवसांत सुरू झाली. एक कमांड दिली तर सगळं पुसता येईल, आणि ती कशी लिहायची ते माझ्यापेक्षा कुणाला चांगलं ठाऊक असणार. पण ताई रोज ऐकतात. किती छान वाचतेस गं, म्हणतात, उगीच घाबरत होतीस. मला उभ्या जन्मात असं कुणी म्हटलेलं नाही. हे तुमच्याशी बोलतानाही किती वेळा अडकले, पाहिलंत ना. मग कशी पुसू.

फक्त एक गोष्ट ताईंच्या अजून लक्षात आलेली नाही, किंवा आली असेल आणि त्या बोलत नसतील. त्या फाइलींमध्ये माझा आवाज आहे, पण श्वास नाही. शब्दांच्या मध्ये काहीच नाही. आणि प्रत्येक वाक्य संपलं की मागे, जरा लांबून, दादांचा आवाज येतो. “बरं. पुढचं.” एवढं म्हणतात. आणि मग ते श्वास घेतात... सावकाश, छाती भरून, अगदी स्पष्ट ऐकू येईल असा.